गाडी ऑईल खाते तेव्हा

१. फरशीवर डाग नाही, मग तेल गेलं कुठे?

नागपुरातल्या कुठल्याही गॅरेजमध्ये थोडा वेळ थांबलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं : “गाडी ऑईल खाऊन राहिली.” सर्व्हिसिंग होऊन तीन-चार महिने झालेले असतात. लांबच्या प्रवासाला निघण्याआधी कुणीतरी बॉनेट उघडून पट्टी बाहेर काढतं आणि तेल खालच्या खुणेच्याही खाली गेलेलं दिसतं. मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला : पार्किंगच्या फरशीवर एक थेंब नाही, मग तेल गेलं कुठे? दुसरा प्रश्न जास्त काळजीचा : आता इंजिन बांधावं, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्त करावं लागणार का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. तेल इंधनाबरोबर जळालं आणि सायलेन्सरमधून हवेत गेलं. दुसऱ्याचं उत्तर मात्र नुसता धूर बघून किंवा इंजिनाचा आवाज ऐकून देता येत नाही, ते मोजून द्यावं लागतं. मला या प्रकरणात सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे ते हेच. आपल्याकडे ‘रिंग गेल्या’, म्हणजे पिस्टनच्या रिंग झिजल्या, हे निदान फार लवकर होतं. त्या दोन शब्दांवर लोक चाळीस-पन्नास हजारांचं काम काढून बसतात. काही गाड्यांत रिंग खरोखरच गेलेल्या असतात, पण काहींत दोष असतो काहीशे रुपयांच्या एका झडपेचा, आणि इंजिन उघडल्यावर ती झडप तशीच परत बसवली जाते.

२. थोडं तेल जळणारच

पिस्टन सिलिंडरमध्ये, म्हणजे गॅरेजच्या भाषेत बोअरमध्ये, वर-खाली धावतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक पिस्टन एका सेकंदात पन्नास वेळा वर जाऊन खाली येतो. धातू धातूवर घासू नये म्हणून बोअरच्या भिंतीवर तेलाचा थर लागतोच. अडचण अशी, की याच भिंतीच्या वरच्या भागात इंधन पेटत असतं. म्हणजे थर हवा, पण मिलीमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकाच.

हा हिशेब पिस्टनच्या अंगावरच्या तीन रिंग सांभाळतात. वरच्या दोन रिंगांचं मुख्य काम पेटलेल्या वायूचा दाब अडवण्याचं. दुसरी जाता जाता थोडं तेलही खरवडते. तिसरी, सगळ्यात खालची, ती ऑईल रिंग. धिरडं घालण्याआधी आपण अर्धा कांदा तव्यावर फिरवतो. त्यानं तेल सगळीकडे लागतं आणि जास्तीचं बाजूला सरतं. ऑईल रिंग बोअरच्या भिंतीवर नेमकं हेच करते. सरकवलेलं तेल पिस्टनमधल्या बारीक छिद्रांतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, परत पडतं. मागे राहिलेला पातळ थर मात्र ज्वाळेसमोर उघडा पडतो आणि त्यातला अगदी थोडा भाग दर खेपेला जळतो. शोरूममधून काल आणलेल्या गाडीतही हे होतं.

तेलाला ज्वाळेपर्यंत पोचायला आणखी दोन वाटा आहेत. एक व्हॉल्व्हच्या दांड्यावरून. हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या भागात, तेल खेळत असतं आणि ते दांड्यावरून खाली उतरू नये म्हणून प्रत्येक दांड्याला एक छोटं रबरी सील असतं. दुसरी वाट ब्रीदरची. रिंगांच्या फटीतून थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये शिरतो. तो तिथे कोंडला तर दाब वाढून सगळी ऑईल सीलं तेल गाळू लागतील. म्हणून तो वायू एका पाइपातून परत इंजिनाच्या हवेच्या मार्गात सोडतात, आणि किती सोडायचा हे पेट्रोल गाड्यांत बहुधा एक छोटी झडप ठरवते. तिला पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणतात. वायूबरोबर तेलाची वाफही जाते. झडप नीट चालत असेल तर थोडीच, बिघडली तर भरपूर.

३. किती म्हणजे जास्त?

गाडीसोबत मिळालेली पुस्तिका उघडली तर अनेकांना धक्का बसतो. काही कंपन्या १,००० किलोमीटरला अर्धा लिटर, तर काही चक्क एक लिटरपर्यंतची घट ‘सामान्य’ धरतात. माझ्या मते हा आकडा गाडीची तब्येत सांगण्यासाठी लिहिलेला नसतो. वॉरंटीतलं काम कुठून सुरू करायचं याची ती कंपनीनं आखलेली रेषा असते. व्यवहारात धडधाकट छोट्या पेट्रोल गाडीनं १,००० किलोमीटरला १०० मिलिलिटरपेक्षा कमी तेल घ्यावं. २००-३०० मिलिलिटर झालं की कारण शोधायला लागावं. अर्ध्या लिटरच्या पुढे गेलं तर शोध पुढे ढकलू नये.

आता हा १०० मिलिलिटरचा आकडा १०,००० किलोमीटरच्या सर्व्हिसिंगला लावून बघा. १०० गुणिले १०, म्हणजे एक लिटर. पट्टीवरच्या वरच्या आणि खालच्या खुणेतलं अंतर अनेक गाड्यांत साधारण एवढंच असतं. म्हणजे ठणठणीत गाडीसुद्धा दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये वरच्या खुणेवरून खालच्या खुणेपर्यंत येऊ शकते. पट्टी एकदम आठ-नऊ महिन्यांनी बघितली, तर ही घट दोषासारखी दिसणार. पूर्वी ३-५ हजार किलोमीटरला तेल बदललं जायचं, तेव्हा हे कुणाच्या लक्षातच येत नसे.

छोट्या गाड्यांचं इंजिन मुळात तीन लिटरच्या आसपास तेलावर चालतं. त्यातलं एक लिटर गेलं म्हणजे तिसरा हिस्सा गेला. उरलेल्या दोन लिटरांनी तेवढीच उष्णता वाहायची, तेवढीच काजळी धरून ठेवायची. ते लवकर काळं पडतं, दाट होतं आणि मग रिंगांभोवती कार्बन साठवायला लागतं. तेल कमी असणं हेच पुढे तेल जास्त जाण्याचं कारण बनतं.

४. मोजण्याची रीत

गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन गरम झालेलं असू द्या, पण बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे वर चढलेलं तेल चेंबरमध्ये उतरेल. पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा आणि मग वाचा. मोजणी दर वेळी त्याच जागी, तेवढीच मिनिटं थांबून करायची. उतारावर उभ्या गाडीची पट्टी खोटं बोलते.

वरच्या खुणेपर्यंत तेल भरून ओडोमीटरचा आकडा लिहून ठेवा. समजा आकडा ६२,४०० आहे आणि तुम्ही रोज बुटीबोरीला नोकरीसाठी ये-जा करता. महिन्याभरात ६३,६०० होतील. त्याच जागी पुन्हा पट्टी बघा आणि मापाच्या भांड्यानं थोडं थोडं तेल ओतत वरच्या खुणेपर्यंत या. समजा ४२० मिलिलिटर लागलं. किलोमीटर झाले १,२००. ४२० भागिले १.२, उत्तर ३५०. तुमच्या गाडीचा आकडा : १,००० किलोमीटरला ३५० मिलिलिटर. अशी मोजणी आणखी एकदा करून बघावी, कारण एकाच मोजणीत पट्टी वाचण्याची चूक मोठी ठरते. गाडी वॉरंटीत असेल तर हेच काम अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून करून घ्या आणि प्रत्येक वेळचा कागद जपा.

मोजताना तीन गोष्टी फसवतात.

पहिली, तेलाचा लाल दिवा. डॅशबोर्डवरचा तेलाच्या भांड्याचा तो दिवा बहुतेक गाड्यांत तेलाचा दाब पडल्यावर लागतो, पातळी उतरल्यावर नाही. तो चालत्या गाडीत लागला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन तिथेच बंद करायचं. ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ म्हणून ओढलेले चार किलोमीटर बेअरिंग खाऊन टाकू शकतात.

दुसरी, तेलात मिसळलेलं इंधन. रोज धरमपेठेतून सीताबर्डीपर्यंतच गाडी नेणाऱ्याचं इंजिन पूर्ण तापतच नाही. न जळलेलं थोडं पेट्रोल भिंतीवरून खाली तेलात उतरतं. इकडे तेल जळून कमी होतं, तिकडे पेट्रोल येऊन पातळी भरून काढतं, आणि पट्टी महिनोन् महिने जागची हलत नाही. मग एकदा लांबचा प्रवास होतो, तेल चांगलं तापतं, पेट्रोल उडून जातं आणि पातळी अचानक पडलेली दिसते. नव्या डिझेल गाड्यांत सायलेन्सरमधली काजळीची जाळी साफ होताना असंच डिझेल तेलात उतरू शकतं. पट्टीवर तेल वाढलेलं दिसलं, हाताला पातळ लागलं आणि इंधनाचा वास आला, तर आनंद मानू नये. ते तेल बदलायचं.

तिसरी गोष्ट म्हणजे जास्त भरलेलं तेल. ‘थोडं वरच राहू द्या’ म्हणून खुणेच्या वर तेल ओतण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. पातळी फार वर गेली की फिरणारा क्रँक तेल घुसळतो, फेस होतो आणि तो फेस ब्रीदरमधून हवेच्या मार्गात जाऊन जळतो. असं इंजिन पहिल्या हजार किलोमीटरमध्ये भराभर तेल पितं आणि मग शांत होतं. मोजणी वरच्या खुणेवरून सुरू करायची, खुणेच्या वरून नाही.

५. धूर कधी येतो ते बघा

तेलाचा धूर निळसर असतो आणि त्याला जळक्या तेलाचा उग्र वास येतो. काळा धूर म्हणजे इंधन जास्त. हिवाळ्यात सकाळी येणारी पांढरी वाफ निरुपद्रवी. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत असेल तर कूलंट जळतंय आणि हेड गॅस्केट तपासायला हवं. रंगापेक्षा मला धुराची वेळ जास्त महत्त्वाची वाटते.

रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताच निळा भपका आला आणि मिनिटभरात थांबला, तर व्हॉल्व्ह सीलवर संशय घ्या. रात्री तेल दांड्यांवरून थेंब थेंब खाली उतरलेलं असतं. चिखलदऱ्याचा घाट ॲक्सिलरेटर सोडून उतरताना पेट्रोल इंजिनाच्या हवेच्या मार्गात मोठी ओढ तयार होते आणि सैल सीलांमधून तेल खेचलं जातं. खाली पोचून पाय दाबला की मागे निळा ढग. हीसुद्धा सीलाचीच खूण. उलट चढावर, ओव्हरटेक करताना, जोर लावला की सतत धूर येत असेल तर रिंग आणि बोअरकडे बोट जातं. ही लक्षणं दिशा दाखवतात, पुरावा नव्हेत.

आणि धूर दिसत नाही म्हणून तेल जळत नाही असंही समजू नये. आजच्या गाड्यांमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. थोडं तेल जळालं तर तो त्याचा धूर जाळून टाकतो, म्हणून अर्ध्या लिटरपर्यंत खाणारी गाडीही मागून स्वच्छ दिसू शकते. पीयूसी पास झाली यावरूनही काही सिद्ध होत नाही. पेट्रोल गाडीच्या त्या तपासणीत उभ्या इंजिनाच्या धुरातले ठरावीक वायू मोजतात, तेलाची घट नाही. जळणाऱ्या तेलाची किंमत मात्र कन्व्हर्टर मोजतो. तेलात झीज रोखण्यासाठी घातलेला फॉस्फरस त्याच्या आतल्या थरावर बसत जातो आणि त्याची ताकद कमी करतो. नवा कन्व्हर्टर कितीला पडतो हे एकदा विचारून बघावं.

६. ऊन, धूळ आणि समृद्धी

‘नागपूरचं ऊनच असं, तेल उडणारच,’ असं समाधान पुष्कळजण करून घेतात. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो, हे खरं. पण इंजिनाला आपल्यासारखं ऊन लागत नाही. थर्मोस्टॅट कूलंटचं तापमान साधारण ९० अंशांच्या आसपास राखतो, बाहेर दहा अंश असोत की पंचेचाळीस. रेडिएटर आणि पंखा ठीक असतील तर नुसत्या उन्हानं तेलाची घट दुप्पट होत नाही. तसं घडत असेल तर रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा बघा, पंखा वेळेवर सुरू होतो का बघा.

उन्हाळ्याचा खरा मार वेगळ्या वाटेनं बसतो. एसी लावून उभ्या गाडीत बसून राहणं इथे नित्याचं आहे. गाडी हलत नाही, ओडोमीटर हलत नाही, पण इंजिन चालू असतं आणि तेल जळत असतं. अशा गाडीचा ‘किलोमीटरला किती’ हा आकडा विनाकारण वाईट दिसतो. भाड्यानं चालणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत तर हिशेबात इंजिन चालू राहिलेले तासही धरायला हवेत.

धुळीचं प्रकरण उन्हापेक्षा गंभीर आहे. सिमेंट रस्त्यांची, उड्डाणपुलांची कामं, कामठी-सावनेर-उमरेड पट्ट्यातल्या कोळशाच्या खाणी, कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख, आणि उन्हाळ्यात शेताडीच्या रस्त्यांवर उडणारा फुफाटा : नागपूरची गाडी हे सगळं श्वासात घेते. धुळीतले सिलिकाचे कण लोखंडापेक्षा कठीण असतात. एअर फिल्टरला चुकवून आत गेलेला कण रिंग आणि बोअरच्या मध्ये सापडला की दोन्ही घासतो. ही झीज परत भरून येत नाही.

त्यामुळे या भागात एअर फिल्टर कंपनीनं सांगितलेल्या अंतराच्या आधी बदलावा. बदलताना डब्याच्या कडा पुसाव्यात, क्लिपा सगळ्या बसल्यात का ते बघावं आणि डब्यापासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी पाइपावर चीर नाही ना हे हात फिरवून तपासावं. पाइपाच्या आतून बोट फिरवून धूळ लागली तर फिल्टरला कुठूनतरी बगल मिळते आहे. फिल्टर पंक्चरवाल्याच्या हवेनं जोरात मारून पुन्हा बसवण्याची रीत तर सोडूनच द्यावी. त्या दाबानं कागदाला डोळ्याला न दिसणारी छिद्रं पडतात. वाचतात दोन-तीनशे रुपये, झिजतो बोअर.

समृद्धी महामार्गानं आपल्या गाड्यांची आणखी एक परीक्षा सुरू केली आहे. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि जून २०२५ पासून नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता वापरात आहे. कारसाठी वेगमर्यादा ताशी १२०. सिग्नल नाही, चौक नाही. शहरात मिनिटाला दीड-दोन हजार फेऱ्यांवर चालणारं छोटं इंजिन इथे साडेतीन हजारांवर तासन् तास चालतं. तेल जास्त तापतं, रिंगांवरून जास्त तेल वर फेकलं जातं, ब्रीदरमधून जास्त वाफ जाते. मघाच्या ३५० मिलिलिटरवाल्या गाडीनं मुंबईला जाऊन यायचं ठरवलं, तर १,४०० किलोमीटरला शहरी हिशेबानं ४९० मिलिलिटर लागतील. या वेगात प्रत्यक्ष आकडा त्याहून वर जाऊ शकतो. अशा गाडीत पातळी वरच्या खुणेवर करून निघावं, डिकीत त्याच ग्रेडचा एक लिटरचा डबा ठेवावा आणि परतीला निघण्याआधी पट्टी पुन्हा बघावी.

७. आधी स्वस्त कारणं

गळती शोधताना फक्त जमिनीवर बघून चालत नाही. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून झिरपलेलं तेल गरम सायलेन्सरच्या पाइपावर पडून तिथेच उडून जातं; डाग पडत नाही, फक्त जळका वास येतो. क्रँकच्या मागच्या ऑईल सीलाचं तेल गिअरबॉक्सच्या घरात जातं. ऑईल फिल्टर आणि चेंबर नटाच्या भोवतीही बघावं. इंजिन बाहेरून धुऊन, शंभर-दोनशे किलोमीटर चालवून मग खालून टॉर्च मारली तर ताजी ओल सहज सापडते. न धुता बघितलं तर जुनी धूळ आणि जुनं तेल यांच्या थरात काहीच कळत नाही.

त्यानंतर पीसीव्ही. अनेक गाड्यांत ही झडप काढून हलवली की आतून खडखड आवाज येतो. आवाज नसेल तर ती चिकटली आहे. चालू इंजिनाचं तेल भरायचं झाकण सैल करून बघण्याची रीतही आहे. झाकण आतून प्रचंड ओढलं जात असेल तर झडप उघडीच अडकलेली असू शकते, आणि तिथून धुराचे भपकारे दाबानं बाहेर येत असतील तर एक तर ब्रीदरची वाट तुंबली आहे किंवा रिंगांमधून फार वायू खाली येतोय. आधी ब्रीदर साफ करा आणि मगच रिंगांवर आरोप ठेवा. अनेक नव्या इंजिनांत ही झडप टॅपेट कव्हरच्या आतच घडवलेली असते आणि अख्खं कव्हर बदलावं लागतं. तरी ते इंजिन बांधण्यापेक्षा फारच स्वस्त.

मग तेल कुठलं, हा प्रश्न. डब्यावरच्या ‘५डब्ल्यू-३०’ मधला पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा, दुसरा गरम झाल्यावरच्या दाटपणाचा. आपल्या हिवाळ्यात पारा आठ-दहा अंशांवर आला तरी पहिल्या आकड्याची फारशी कसोटी लागत नाही. दुसरा आकडा मात्र कामाचा. मारुतीच्या काही नव्या पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-१६ इतकं पातळ तेल सांगितलेलं आहे, कारण त्यांचे तेलाचे मार्ग, पंप आणि व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा त्यावरच बेतलेली आहे. तिथे ‘उन्हाळा आहे, दाट टाका’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओतणं चुकीचं. जुन्या, झिजलेल्या इंजिनात पुस्तिकेनं परवानगी दिलेल्या ग्रेडांपैकी एक पायरी दाट ग्रेड घेतली तर घट थोडी कमी होते. त्यानं दोष जात नाही, वेळ मिळतो. तेलाचा दर्जाही बघावा. प्रयोगशाळेत तेल २५० अंशांवर एक तास ठेवून किती उडतं ते मोजतात आणि आजच्या पेट्रोल गाड्यांच्या मानकांत ही मर्यादा १५ टक्के आहे. सुट्टं तेल आणि पुन्हा भरलेल्या डब्यातलं बनावट तेल अशा कुठल्याच कसोटीला उतरलेलं नसतं. सील असलेला डबा, पक्कं बिल, आणि रिकामा डबा भोक पाडून टाकणं, एवढं प्रत्येकाला करता येतं.

८. सील की रिंग?

स्वस्त कारणं बाद झाली आणि आकडा तरीही वर आहे, तर स्पार्क प्लग काढून क्रमानं ओळीत ठेवा. तीन कोरडे आणि एक ओला, काळा, तेलकट असेल तर दोष त्या एका सिलिंडरचा. चारही सारखेच तेलकट असतील तर पुन्हा पीसीव्हीकडे बघा.

नंतर कॉम्प्रेशन तपासणी. प्लगच्या जागी दाबमापक लावून इंजिन स्टार्टरनं फिरवायचं. समजा चार सिलिंडरांचे आकडे आले १७०, १६५, ११८ आणि १६८ पीएसआय. तिसरा वेगळा पडला. आता त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल ओतून पुन्हा मोजायचं. हे तेल रिंगांभोवती बसून फट तात्पुरती बुजवतं. आकडा ११८ वरून १५० च्या पुढे गेला तर दाब रिंगांमधून निसटत होता. तो ११८ च्या आसपासच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटमधून जातोय. या सगळ्याला तास-दीड तास पुरतो. ही तपासणी न करताच इंजिन उतरवा म्हणणाऱ्या मेकॅनिकला मी नम्रपणे नाही म्हणेन.

इथे एक पेच आहे आणि तो बऱ्याच चांगल्या मेकॅनिकांनाही चकवतो. चारही आकडे उत्तम येतात आणि गाडी तरीही तेल खाते. कारण कॉम्प्रेशन वरच्या दोन रिंग धरतात. तेल खरवडणारी तिसरी रिंग कार्बननं जाम झालेली असली तरी दाब शाबूत राहतो. टोयोटाच्या २.४ लिटर इंजिनाची कथा अशीच. २००७ ते २००९ च्या कॅम्रीसह काही गाड्यांत ऑईल रिंगमागची परतीची छिद्रं लवकर बुजत होती, आणि अमेरिकेत २०१५ मध्ये कंपनीनं पात्र गाड्यांचे पिस्टन व रिंग बदलून देण्याचा खास वॉरंटी कार्यक्रम राबवला. ऑडी आणि सुबारू यांच्यावरही तिथल्या ग्राहकांनी तेलाच्या घटीवरून दावे लावले. मायलेजसाठी अनेक उत्पादकांनी रिंगांचा ताण कमी केला आहे. कमी ताणाची रिंग कमी घासते, पण थोड्या कार्बननंही अडकते.

अडकलेल्या ऑईल रिंगेवर इंजिन न उघडता एक उपाय करून बघता येतो. प्लगच्या भोकांतून कार्बन विरघळवणारं द्रव पिस्टनवर ओतून काही तास, गरज पडल्यास रात्रभर, भिजत ठेवतात. नंतर प्लग काढलेलेच ठेवून इंजिन स्टार्टरनं फिरवून उरलेलं द्रव बाहेर टाकायचं. प्लग आधी बसवले आणि द्रव आत राहिलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. द्रव खाली चेंबरमध्येही उतरतं, म्हणून तेल आणि फिल्टर लगेच बदलायचे. मग १,००० किलोमीटर चालवून पुन्हा मोजणी. काही इंजिनांत आकडा निम्म्यावर येतो, काहींत अजिबात हलत नाही. व्हॉल्व्ह सीलांचं काम याहून मोठं, पण बऱ्याच इंजिनांत हेड न उतरवता होतं : सिलिंडरमध्ये हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह जागेवर धरतात आणि वरूनच सील बदलतात.

टर्बो असलेल्या गाडीत एक वाट जास्तीची. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तेलावरच तरंगतो. त्याचं सील गेलं तर तेल हवेच्या पाइपात येतं. इंटरकूलरचा पाइप काढून बघितला तर हलकी ओल असायचीच. तिथे तेल साचलेलं दिसलं तर टर्बो तपासायला हवा. जुन्या डिझेल गाडीत हा दोष जिवावर बेतू शकतो. इंजिन स्वतःच्याच तेलावर पळत सुटतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून, क्लच सोडून इंजिन बंद पाडावं लागतं. समृद्धीवरून उतरून विश्रांतीला थांबताना टर्बो गाडी लगेच बंद न करता मिनिटभर हळू चालू ठेवण्याचा सल्ला याच दांड्यासाठी असतो.

९. बांधायचं की ओतत राहायचं?

मघाचीच गाडी घेऊ : १,००० किलोमीटरला ३५० मिलिलिटर, वर्षाला १०,००० किलोमीटर. वर्षाचं तेल साडेतीन लिटर. लिटरचा भाव ४५० रुपये धरला तर १,५७५ रुपये. इंजिन बांधायला समजा ५०,००० लागणार. नुसत्या तेलाच्या पैशांतून ते भरून यायला तीस वर्षांहून जास्त लागतील. अशा गाडीत मी दर पंधरवड्याला पट्टी बघेन, तेल ओतत राहीन आणि प्लग थोडे लवकर बदलेन. आकडा दीड लिटरवर गेला तर हिशेब पालटतो. तेलाचा खर्च तेव्हाही वर्षाला ६,७५० च राहतो, पण प्लग वारंवार बिघडतात, कन्व्हर्टर बसतो, आणि एखाद्या प्रवासात पट्टी बघायची राहिली तर इंजिनच जाम होतं. कॉम्प्रेशनही पडलेलं असेल तर इंजिन उघडणं योग्य.

उघडल्यावर बोअर मोजून घेतलाच पाहिजे, वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांना. तो वरच्या बाजूला रुंद किंवा लंबगोल झालेला असेल तर त्यात नुसत्या नव्या रिंग टाकून भागत नाही; गोल रिंग वाकड्या भिंतीला टेकणार कशी? मग बोअरिंग करून पाव किंवा अर्धा मिलीमीटर मोठे पिस्टन घालावे लागतात. काही नव्या अॅल्युमिनियम ब्लॉकांत भिंतीवर खास लेप असतो आणि तिथे हे जमत नाही, म्हणून ब्लॉक कुठल्या प्रकारचा आहे हे काम ठरण्याआधीच विचारावं. होनिंगच्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा बोअरवर दिसल्या पाहिजेत. तेल त्यांत टिकतं आणि रिंग त्यांवर बसतात. उतरवलेलं काळं तेल नालीत जाऊ देऊ नये. कायद्यानं तो घातक कचरा आहे आणि नागपुरातल्या नाल्यांचा शेवट नाग नदीत, पिवळी नदीत होतो. ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे जातं का, हे गॅरेजला विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

बांधलेलं इंजिन पहिले हजार किलोमीटर एकाच वेगात पळवू नये आणि एसी लावून तासभर उभंही ठेवू नये. वेग कमी-जास्त करत, मधून मधून मध्यम जोर देत चालवलं तरच रिंग बोअरवर घासून नीट बसतात. या काळात थोडं तेल जाणारच. हजार किलोमीटरला तेल बदलून मोजणी सुरू करा. दोन-तीन हजारांपर्यंत आकडा उतरत जायला हवा. गाडी ताब्यात घेताना मेकॅनिककडून बोअरची मापं, रिंगांचा गॅप आणि चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन बिलावर लिहून घ्या. पुढे कधी तक्रार निघाली तर तुलना करायला हेच आकडे लागतात.